आखडलेल्या माना, चिकटलेली बोटं : छोट्या रुग्णालयात जळीत-शस्त्रक्रिया सुरू करतानाच्या नोंदी

भाजल्याची जखम भरली, पण मान, बगल, कोपर किंवा बोटं आखडून बसली, अशा लोकांच्या शस्त्रक्रियेची सोय एका गरीब, आडबाजूच्या भागात उभी करतानाच्या या नोंदी. मी जनरल सर्जन आहे, प्लास्टिक सर्जन नाही. एक ओटी, मोजकी माणसं आणि बेभरवशाची वीज एवढ्यावर ज्यांना हेच काम सुरू करायचंय त्यांच्यासाठी लिहितेय. पुस्तकात सापडेल ते गाळलंय.

९ जानेवारी

कोणती सेवा सुरू करायची हा वाद आज मिटला. दुभंगलेले ओठ, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि जळीत, असे तीन पर्याय होते. ओठांसाठी तान्ह्या मुलांना भूल द्यावी लागते. आमच्याकडे भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस असतात आणि तान्ह्यांच्या मापाच्या नळ्या-मास्क पुरेसे नाहीत. दुर्बिणीचं यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला माणूस कधी येईल याचा नेम नाही. जळिताच्या कामाला मुख्य हत्यार म्हणजे कातडी काढायची सुरी. रक्त बेताचं लागतं आणि तारीख आपल्या हातात असते.

एक अट मात्र आधीच घालून घेतली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या शस्त्रक्रिया-सेवांवरच्या आयोगाने २०१५ मध्ये रुग्णालयाची कुवत जोखायला तीन कामं धरली होती: सिझेरियन, पोट उघडणं आणि उघड्या फ्रॅक्चरचा इलाज. ही तीन रात्री-अपरात्री होत नसतील तर विशेष सेवेच्या नादी लागू नये, असं माझं मत आहे. आमच्याकडे होतात, म्हणून पुढे. जळिताची केस लागलेली असताना सिझेरियन आलं तर टेबल सिझेरियनचं. हे ओटीच्या दारावर लिहून लावलंय, कारण यावरून भांडणं होणार हे दिसतंच आहे.

२४ जानेवारी

आरोग्यसेविकांना गावागावांतून यादी करायला सांगितली होती. प्रश्न दिला होता, ‘जळालेलं कोणी आहे का?’ वह्या जवळजवळ कोऱ्या परत आल्या. लोकांच्या लेखी जखम भरली की आजार संपला. जे राहिलं ते नशीब, दवाखान्याचं काम नव्हे.

प्रश्न बदलला. हात डोक्यावर नेता येत नाही असं कोणी? मूठ उघडत नाही? हनुवटी छातीला ओढली गेलीय? आता वह्या भरल्या. बायका आणि मुलं जास्त. काहींना आखडून दहा-पंधरा वर्षं झालेली.

यादीतून एक गट लगेच बाजूला काढला: जुन्या व्रणावर पुन्हा जखम झालेली आणि ती भरतच नाही, असे. त्यात कर्करोग असू शकतो. त्यांचा तुकडा आधी तपासायला जातो, बाकीचं नंतर. रांग मोठी असली तरी हे लोक रांगेत उभे करायचे नाहीत.

१२ फेब्रुवारी

ऑक्सिजन. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, चालू होता, दिवा हिरवा होता, म्हणून सगळे निश्चिंत. उसना ऑक्सिजन-मीटर लावला तर आकडा ७० च्या घरात. चांगल्या यंत्रातून ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन यायला हवा आणि ८२ च्या खाली गेलं की यंत्र वापरायचं नाही. धोक्याची घंटा वाजली नव्हती, कारण सतत वाजते म्हणून कोणीतरी तिची वायर काढून ठेवली होती. कोणी, ते विचारण्यात अर्थ नाही. घंटा सतत वाजत होती आणि तिचं ऐकायची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

कारणं दोन सापडली. मागची जाळी धुळीने बंद झालेली. आणि यंत्र भिंतीला चिकटवून ठेवल्यामुळे तापत होतं. जाळी धुतली, यंत्र भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, आकडा सुधारला पण पुरेसा नाही. हवेतला नायट्रोजन शोषणाऱ्या आतल्या झिओलाइटच्या खड्यांना ओल लागली होती. तो भाग बदलावा लागला आणि तो येईपर्यंत सगळं थांबलं. आता दर सोमवारी जाळी धुणं मावशींच्या वहीत आहे, आणि मीटर आम्ही विकत घेतलाय. यंत्राच्या मानाने मीटर फारच स्वस्त, तरी खरेदीच्या यादीत तो कोणी घालत नाही.

भरलेला सिलिंडर टेबलाशेजारी उभा असल्याशिवाय भूल सुरू होत नाही. वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर म्हणजे नुसतं खोकं.

२७ फेब्रुवारी

ऑटोक्लेव्हने, म्हणजे वाफेने कपडे-हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राने, वेळ खाल्ला. पॅक ओले निघत होते. ओलं कापड ओटीत आणलं की बाहेरचे जंतू त्यातून आत शिरतात, म्हणजे ते निर्जंतुक धरायचंच नाही. पण बाहेरच्या टेपवरच्या रेघा काळ्या झालेल्या, म्हणून सिस्टर म्हणायच्या झालंय. टेप एवढंच सांगते की पॅकला उष्णता लागली. मधोमध वाफ पोहोचली का, हे तिला कळत नाही.

ड्रम उघडून पाहिला तर चादरी, गाऊन, गॉज दाबून दाबून भरलेलं. वाफ वरून येते, हवा खालून बाहेर पडते. भरगच्च ड्रममध्ये हवा अडकते आणि जिथे हवा तिथे तापमान चढत नाही. आता तळहात सहज आत जाईल इतपतच भरायचा, प्रत्येक ड्रमच्या मधोमध रंग बदलणारी पट्टी ठेवायची, १२१ अंशांवर पूर्ण तीस मिनिटं, आणि ती तीस मिनिटं काटा तिथे पोहोचल्यावर मोजायची. त्याआधी मोजत होतो ते बटण दाबल्यापासून. झाल्यावर झाकण किंचित उघडून सुकवायला वेगळा वेळ.

पाणी जड असल्याने हीटरवर क्षाराचा थर बसला होता. गाळलेलं पावसाचं पाणी साठवून वापरतोय.

यामुळे दिवसाला बसणाऱ्या केसेस निम्म्या झाल्या. वेळापत्रक ऑटोक्लेव्हच्या वेगाने बनवायचं, सर्जनच्या वेगाने बनवलं की कोणीतरी घाई करतं आणि ड्रम पुन्हा दाबून भरला जातो.

१६ मार्च

बाहेरून प्लास्टिक सर्जन आणि त्यांची तुकडी आली होती. शिबीर पार पडलं. सकाळी अंधारात सुरू करून रात्रीपर्यंत टेबल रिकामं नव्हतं. त्यांचे हात बघत राहावेत असे. बगलेचं आखडलेपण सोडवताना ते कापत कापत जात नाहीत. एक आडवा छेद, दोन्ही टोकांना माशाच्या शेपटीसारखी फूट, आणि मग हात हळूहळू वर नेत उरलेले ताणलेले धागे बोटाने चाचपून सोडवायचे. सगळे खूश. फोटो निघाले.

४ एप्रिल

खुशीचा हिशोब आज लागला.

लावलेल्या कातड्यांपैकी बऱ्याच गेल्या. काही पूर्ण, काही तुकड्यातुकड्याने. कातडी नव्या जागी पहिले एक-दोन दिवस खालच्या द्रवावर तगते, मग रक्तवाहिन्या जुळायला लागतात, पाचव्या दिवसापर्यंत धरते. या पाच दिवसांत खाली रक्त साठलं किंवा ती सरकली की गेली. तुकडी तिसऱ्या दिवशी परतली. पहिली ड्रेसिंग आमच्या दोन सिस्टरनी उघडली, एका दिवसात सगळ्यांची, आणि त्यांनी याआधी ग्राफ्टची, म्हणजे लावलेल्या कातडीची, ड्रेसिंग उघडलेली नव्हती. चिकटलेलं गॉज ओढलं की कातडी गॉजबरोबर येते. भरपूर सलाईनने भिजवून, कडेकडेने, दुसऱ्या हाताने कातडी दाबून धरत सोडवायचं असतं. एका रुग्णाला अर्धा तास लागतो. त्यांच्याकडे दहा मिनिटं होती.

त्याहून वाईट पुढे आहे. ज्यांची कातडी धरली त्यातले काही आज तपासणीला आले आणि हात पुन्हा खाली यायला लागलेत. मोकळ्या केलेल्या जागेवर लावलेली पातळ कातडी कित्येक महिने आकसत राहते. त्या काळात स्प्लिंट, म्हणजे आकार दिलेला कडक आधार, बांधून अवयव ताणलेला ठेवला नाही तर शरीर त्याला परत जुन्या जागी नेतं. आम्ही प्लास्टरच्या पट्ट्या बांधून घरी पाठवलं होतं. त्या पावसात, घामात, अंघोळीत भिजून मोडल्या.

शस्त्रक्रिया उत्तम, सेवा शून्य. यापुढे शिबीर नाही. पाहुण्या सर्जनना तसं कळवलं, ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनीच उलट सुचवलं की ते वर्षातून काही वेळा येतील, एका खेपेला मोजक्याच केसेस, प्रत्येक केसला मी मुख्य आणि ते समोर, आणि आधीच्या खेपेतले सगळे रुग्ण ओपीडीत बसवून ठेवायचे.

आता केसेसची संख्या एका आकड्यावर ठरते: पुढचे सहा महिने किती स्प्लिंट आम्ही नीट सांभाळू शकतो.

२१ एप्रिल

कातडी काढणं. हम्बी सुरीने, म्हणजे रोलर लावलेल्या हातसुरीने, काढतो. कातडी काढायचं विजेचं यंत्र, डर्मॅटोम, नाही, हवंसंही वाटत नाही. बिघडणारी आणखी एक वस्तू कशाला. सुरीच्या रोलरवर आकडे असतात, त्यांच्यावर विसंबून पहिल्या काही ग्राफ्ट एकीकडे कागदासारख्या आणि दुसरीकडे जाड निघाल्या. पाहुण्या सर्जननी युक्ती दाखवली. सुरी आणि रोलर यांच्या फटीत पंधरा नंबरच्या ब्लेडची धारेकडची उतरती बाजू घालून बघायची. तेवढीच बसली, त्याहून जास्त आत गेली नाही, की जाडी ०.४ मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही टोकांना तपासायचं. सुरीचं पातं दर केसला नवीन. पातं वाचवलं तर कातडी फाटते.

मानेला आणि हाताला आम्ही अख्खीच पट्टी लावतो, जाळी करून पसरवत नाही. जाळीची कातडी जास्त आकसते आणि चौकटी कायम दिसतात. खालचं रक्त निघून जावं म्हणून ब्लेडने मोजकी भोकं. पण मुळात रक्त थांबल्याशिवाय कातडी ठेवायचीच नाही. ओल्या गॉजने दाबून घड्याळात दहा मिनिटं. ही दहा मिनिटं कोणाला सहन होत नाहीत, मलाही.

मांडीवरची, जिथून कातडी काढली ती जागा रुग्णाला ग्राफ्टपेक्षा जास्त दुखते. व्हॅसलिनचं गॉज सुकून चिकटायचं. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांच्या गटाने केळीच्या पानाची ड्रेसिंग या जागेवर वापरून २००३ मध्ये तो अभ्यास छापला होता. पान चिकटत नाही, म्हणून काढताना दुखत नाही. आमच्या सिस्टरनी पानं गॉजवर चिकटवून ऑटोक्लेव्ह केली. पहिली खेप काळी पडलेली, फाटकी निघाली, कारण मधली जाड शीर काढली नव्हती आणि पानं एकावर एक रचली होती. शीर काढून, सुटी गुंडाळी करून जमलं. रुग्ण आता ड्रेसिंगच्या दिवशी सकाळपासून रडत नाहीत.

११ मे

मान. यावर जरा सविस्तर, कारण इथे माणूस टेबलावरच दगावू शकतो.

हनुवटी छातीला टेकलेली म्हणजे मान मागे जात नाही, तोंड पुरेसं उघडत नाही, श्वासाची नळी घालायला दिसत काही नाही. झोपवून भूल दिली, श्वास थांबला आणि मास्कने हवा जाईना, तर गळ्यावरून श्वासनलिकेपर्यंत पोहोचायचा रस्ताही त्याच व्रणाखाली गाडलेला. फायबरऑप्टिक दुर्बीण आमच्याकडे नाही. भूलतज्ज्ञांनी पहिल्या मुलीला बघून सरळ नकार दिला. तो नकार बरोबर होता. तिला परत पाठवलं, आणि तिच्या बापाने पुन्हा आणलं हे आमचं नशीब.

मधल्या काळात ठरलेली पद्धत अशी. आधी जागेपणी किंवा केटामिन या भुलीच्या औषधाच्या हलक्या गुंगीत, श्वास रुग्णाचा स्वतःचा चालू ठेवून, व्रणाखाली जागा बधिर करणारं औषध, लिग्नोकेन, पातळ करून भरपूर भरायचं, मान मोकळी करायची, आणि मान मागे गेली की मग नेहमीसारखी नळी घालायची. औषधाचा हिशोब आधी कागदावर मांडायचा. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या ॲड्रेनॅलिनबरोबर लिग्नोकेनची मर्यादा किलोला ७ मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला १४० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचं अवघं ७ मिलि. एवढं कमी औषध सलाईनमध्ये वाढवून पूर्ण मानेला पुरवायचं. ॲड्रेनॅलिन दहा लाखांत एक, म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. भरल्यावर वीस-पंचवीस मिनिटं हात लावायचा नाही. कातडी पांढरी पडली की रक्त अगदी थोडं येतं. घाई केली की दुखतंही आणि रक्तही वाहतं, आणि मग सगळे औषधाला नावं ठेवतात.

केटामिनने लाळ सुटते, त्यासाठी आधी ग्लायकोपायरोलेट. सक्शन चालू करून, हातात धरून. बोटाला ऑक्सिमीटर, आणि त्याचा आवाज बंद करायचा नाही.

मुलीची मान सुटली. पुढची नळी भूलतज्ज्ञांनी पहिल्या फटक्यात घातली आणि नंतर चहा पिताना म्हणाले, ‘मॅडम, हे महिन्यातून एकच करू.’ तेवढंच करतो.

८ जून

स्प्लिंट. या कामातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग.

गरम पाण्यात मऊ होणारी तयार शीट उत्तम असते, पण एका शीटच्या किमतीत आमचा ड्रेसिंगचा बराच काळ निघतो, आणि मूल वाढलं की ती बदलायची. म्हणून पीव्हीसीचे पाण्याचे पाइप. उभे चिरायचे, तापवायचे, मऊ झाले की सपाट करून कापायचे, पुन्हा तापवून आकार द्यायचा. हे प्लास्टर लावणाऱ्या कंपाउंडरने शिकून घेतलं आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करतो.

पहिल्या खेपेला ज्योतीवर तापवले. कडा करपल्या, धूर डोळ्यांत गेला. पीव्हीसीचा धूर विषारी असतो, हे काम बंद खोलीत कधी करू नये. मग उकळतं पाणी वापरलं, उशीर लागतो पण एकसारखं मऊ होतं. दुसरी अडचण अशी की त्याने आकार थेट रुग्णाच्या अंगावर दिला. खाली जाड टॉवेल होता तरी नवी कातडी चटका ओळखत नाही, तिथे संवेदना पूर्ण नसते. एक फोड आला. आता आधी दुसऱ्या हातावर किंवा बाटलीवर आकार, कोमट झाल्यावर रुग्णावर नुसतं जुळवणं. कडा घासून गोल, आत फोम, पट्टे रुंद. अरुंद पट्टा कापतो.

कोणता अवयव कसा ठेवायचा याची चित्रं त्याने भिंतीवर काढलीत: बगल काटकोनात, कोपर सरळ, मान मागे. हाताची मागची बाजू जळलेली असेल तर बोटांचे मुळाचे सांधे वाकवून, पुढचे सरळ. तळहात जळलेला असेल तर सगळं सपाट उघडं. या शेवटच्या दोन चित्रांची आमच्याकडे अदलाबदल झाली आणि एका मुलाचा हात चुकीच्या आकारात आठवडाभर बांधला गेला. वेळीच दिसलं. आता स्प्लिंटच्या आत रुग्णाचा केसपेपर नंबर आणि ‘वर’, ‘खाली’ असे शब्द कोरलेले असतात.

१९ जुलै

ओपीडी ओस. पेरणी चालू आहे, ओढ्यांना पाणी आहे. ज्यांनी स्प्लिंट तपासायला यायचं ते आले नाहीत. आरोग्यसेविका घरी गेल्या तर एक स्प्लिंट भिंतीला खुंटीवर, व्यवस्थित लटकवलेला. बाईने सांगितलं, कामाला जाताना काढते, मोडला तर डॉक्टर रागावतील.

आमची शस्त्रक्रिया फुकट आहे याचा आम्हाला जरा जास्तच अभिमान होता. लॅन्सेट आयोगाचाच आकडा आहे: जगात दरवर्षी ३ कोटी ३० लाख लोक शस्त्रक्रियेच्या बिलाने कोलमडतात, आणि आणखी ४ कोटी ८० लाख प्रवास, राहणं, खाणं अशा बिलाबाहेरच्या खर्चाने. हे वाचलेलं होतं, पण हिशोबाच्या वहीत त्याचा रकाना नव्हता. यादीतल्या घरांना विचारत गेलो तेव्हा कळलं, एका तपासणीला दोन माणसांचा प्रवास आणि दोघांची बुडालेली मजुरी. आणि तपासणीत आम्ही करतो काय, तर पट्टा घट्ट करतो.

म्हणून दोन बदल. पट्टा घट्ट करायला रुग्ण येणार नाही, कंपाउंडर जाईल, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावी, सगळे तिथे जमतील. आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत मोठ्या माणसांच्या शस्त्रक्रिया घ्यायच्याच नाहीत. त्या काळात मुलांच्या. औषधांसाठी आलेल्या पैशातून प्रवासाचा खर्च वळता केला. देणगीदाराला ते पटवायला पत्रव्यवहारात बराच वेळ गेला. औषधाला पैसे देणारे भेटतात, बसच्या तिकिटाला कोणी देत नाही.

२ ऑगस्ट

सुरक्षिततेची तपासणी-यादी: जागतिक आरोग्य संघटनेची, २००८ ची, एकोणीस मुद्दे, तीन थांबे. कागद होता, खुणाही होत होत्या, पण सगळ्या खुणा शेवटी एकदम. आता वाचणारी व्यक्ती सगळ्यात कनिष्ठ, आणि ती मोठ्याने वाचल्याशिवाय सुरी माझ्या हातात येत नाही. आम्ही आमचा एक प्रश्न जोडला: याचा स्प्लिंट तयार आहे का? नसेल तर केस आज नाही.

१४ सप्टेंबर

ग्राफ्टची ड्रेसिंग सगळ्यात चांगली करणाऱ्या सिस्टरनी नोकरी सोडली. शहरात जास्त पगार, मुलांची शाळा. दोष द्यायला जागाच नाही. पण तिच्याबरोबर सेवेचा निम्मा भाग बाहेर गेला, कारण तिने जे शिकलं होतं ते तिच्या हातातच होतं. काम थांबवलं. नव्याने दोघी शिकेपर्यंत एकही ग्राफ्ट नाही, हे ठरवताना ओपीडीत बसलेल्यांच्या तोंडाकडे बघवेना.

यापुढे कुठलंही कौशल्य किमान तिघांकडे. स्प्लिंट शिकायला मावशींपैकी एकीला बसवलंय. तिचा हात कंपाउंडरहून हलका आहे, आणि बायका तिला बगल दाखवायला लाजत नाहीत. हे आधी सुचायला हवं होतं.

९ ऑक्टोबर

बोटं. तळहाताला कित्येक वर्षं चिकटलेली चार बोटं एका बैठकीत सरळ केली, तारा घातल्या, दिसायला फार सुंदर. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला दंडाला आवळलेला पट्टा, सोडल्यावर तीन गुलाबी झाली, करंगळी पांढरीच. रक्तवाहिनीही इतकी वर्षं आखडूनच होती, ती एकदम ताणली की बंद होते. वाट पाहिली, कोमट सलाईन टाकलं, काही नाही. तार काढून बोट अर्धं वाकू दिलं तेव्हा रंग आला. ते तसंच ठेवलं. उरलेलं स्प्लिंटने, हळूहळू.

नियम: टूर्निके सोडून, प्रत्येक बोटाचं टोक दाबून रंग दोन सेकंदांत परततो का हे पाहिल्याशिवाय ड्रेसिंग बांधायचं नाही, आणि बोटांची टोकं ड्रेसिंगच्या बाहेर. रात्री सिस्टरला बघता आली पाहिजेत.

२३ नोव्हेंबर

यादी संपवायच्या मागे लागलो होतो आणि यादी वाढत होती. आज कारण समोर बसलं होतं: दोन महिन्यांपूर्वी भाजलेला मुलगा, जखम अजून ओली, कोपर आखडायला सुरुवात. तो जवळच्या गावात ड्रेसिंग घेत होता. कोणी पाठवलंच नाही, कारण आम्ही ‘जुन्या जळिताचे’ डॉक्टर म्हणून ओळखले जातो.

भाजल्याची जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर जाड व्रण आणि आखडणं बहुतेक ठरलेलं. तेव्हाच कातडी लावली तर पुढची मोठी शस्त्रक्रिया टळते. आरोग्यसेविकांना आता एकच गोष्ट सांगितलीय: जखम भाजल्यापासून एकविसाव्या दिवशी ओली दिसली की फोन करा, पत्र नको, कागद नको. भाजल्याची तारीख रुग्णाच्या घरातच, कॅलेंडरवर किंवा भिंतीवर लिहून ठेवायची. पहिल्याच आठवड्यात फोन आले. हे ग्राफ्ट सोपे असतात. स्प्लिंट कमी काळ लागतो. ओटीचा एक दिवस यांच्यासाठी राखून ठेवला, जुन्या केसेसची रांग त्यामुळे लांबली, आणि त्यावरून आमच्यातच दोन गट पडलेत. मी नव्या जखमांच्या बाजूची. रांगेत बारा वर्षं थांबलेल्याला हे समजावणं मात्र मला जमलेलं नाही.

१८ डिसेंबर

एका देणगीदाराने व्रणांसाठी लेझर देऊ केलाय. नको म्हणून कळवलं. त्याऐवजी मागितलं ते असं: स्प्लिंट करणाऱ्या दोघांचा तीन वर्षांचा पगार, एक मोटारसायकल आणि तिचं पेट्रोल, सुरीची पाती. उत्तरात विचारलंय की मोटारसायकलवर त्यांचं नाव लिहिता येईल का. येईल म्हटलं, दोन्ही बाजूंना.

पाहुणे सर्जन जानेवारीत येतील तेव्हा टेबलावर दोन बगला आणि पापणी उलटलेली एक बाई. पापणीला मी एकटी हात लावत नाही, तिथे पूर्ण जाडीची कातडी लागते आणि चुकलं तर डोळा जातो. चेहरा आणि एकाच वेळी मान-छाती-बगल आखडलेले रुग्ण आम्ही अजूनही पुढे पाठवतो, बरोबर आमचा माणूस देऊन. पूर्वी नुसती चिठ्ठी द्यायचो, ती घेऊन निम्मे लोक घरीच परतायचे.

ऑटोक्लेव्हचं रबर सील परत गळायला लागलंय. दोन मागवलीत, एक कपाटात राहील.